केडलस्टनचे वीस खांब

मार्बल हॉलमध्ये माझी पाळी असली की दिवसभर एकच विनंती माझ्या तोंडी असते : खांबांना हात लावू नका. लहान मुलांना सांगावं लागतं, तसं त्यांच्या आजोबांनाही सांगावं लागतं. मला कुणाचा राग येत नाही. २५ फूट उंचीचे २० खांब, तांबूस अंगावर करड्या-पांढऱ्या शिरा, आणि वरून येणाऱ्या उजेडात त्यांना चढलेली झळाळी. हात आपोआप पुढे जातो. पण हा दगड संगमरवर नाही. हे अलाबास्टर आहे, आणि अलाबास्टर म्हणजे जिप्सम, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली चिरोडी. नखाने ओरखडा निघेल इतका हा दगड मऊ असतो. हाताचा तेलकटपणा त्याच्यात मुरतो. पाणी त्याला सोसत नाही. ओल्या फडक्याने पुसत राहिलं तर झिलई जाते, आणि उघड्यावर पावसात ठेवला तर अंगच झिजतं. म्हणून इंग्लंडात जुन्या काळापासून हा दगड चर्चच्या आतल्या समाधिशिल्पांसाठी वापरला गेला, बाहेरच्या भिंतींसाठी नाही.

मी डर्बीत राहते. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात नवऱ्याला नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून इकडे आलो. पुण्यात मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. आयुष्याची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींची जाडी आणि जिन्यांचे चढ कागदावर उतरवण्यात गेली. केडलस्टन हॉल डर्बीच्या वायव्येला, मोटारीने अगदी जवळ. १९८७पासून तो जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि ट्रस्टच्या अशा घरांमधली कितीतरी कामं स्वयंसेवक करतात. मी खोलीवर उभी राहते, आलेल्या माणसांशी बोलते, खिडक्यांवरचे पडदे उजेडाप्रमाणे वर-खाली करते आणि वर्षातून एकदा निघणाऱ्या मोठ्या साफसफाईला हात लावते. पगार नाही. पण नकाशा काढणाऱ्या माणसाला एखाद्या वास्तूत नुसतं उभं राहून तिच्याकडे बघायला मिळणं, हे आमच्या धंद्यात कधी नशिबी नसतं. नकाशा झाला की पुढचा नकाशा येतो.

त्या खांबांना जवळून बघायचं तर साफसफाईच्या दिवसांत. टॉर्च अंगाला तिरकी लावून धरली की दगडाच्या पोटात उजेड थोडा शिरतो आणि कडा दुधाळ दिसायला लागते. मग सांधे दिसतात, कारण एवढा उंच खांब एका शिळेचा नाही. नॉटिंगहॅमशायरमधल्या खाणीतून आलेले तुकडे एकावर एक बसवलेले आहेत, आणि शिरा एकातून दुसऱ्यात वाहत गेल्यासारख्या वाटाव्यात अशा बेताने बसवले आहेत. खांबांच्या अंगावरच्या उभ्या पन्हळी आधी नव्हत्या. खांब उभे राहिले तेव्हा गुळगुळीत होते. पन्हळी नंतर, खांब जागेवरच उभे असताना कोरल्या. मी पन्हळीच्या धारेवरून नजर वरपर्यंत नेते तेव्हा त्या कारागिराच्या मनगटाचा विचार येतो. मऊ दगडात छिन्नी सहज चालते, पण सहज घसरतेही, आणि खांब एकदा उभा राहिला की बिघडलेला तुकडा बदलून मिळत नाही. काही ठिकाणी धारेवर बारीक भरणी दिसते. दगडातली मूळची पोकळी असेल किंवा निसटलेला टवका असेल. भरणीचा रंग शिरेच्या रंगाशी इतका जुळवलेला आहे की ती शोधायलाच उजेड तिरका लागतो.

खांबांच्या मागे भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये ग्रीक-रोमन पुतळे आहेत. ते मूळ शिल्पांचे साचे घेऊन ओतलेले, प्लास्टर ऑफ पॅरिसचे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. वरच्या छताची नक्षी जोसेफ रोझ या त्या काळच्या नामांकित कारागिराची, तीही गिलाव्याचीच. पलीकडच्या सलूनमध्ये रंगीत संगमरवराचे वाटणारे अर्धस्तंभ आहेत, ते स्कॅग्लिओलाचे. जिप्समच्या पिठात सरस आणि रंग कालवून, थापून, घासून आणलेली ती चकाकी आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात पोतं फोडून ज्याची मूर्ती ओततात, तेच हे पीठ. रोमच्या वैभवाची आठवण व्हावी म्हणून उभारलेल्या या दोन दालनांचा डोळ्यांत भरणारा बराचसा भाग नखाने ओरखडता येण्याजोगा आहे. हे समजल्यापासून या घराच्या भव्यतेचं माझ्यावर दडपण येत नाही. त्याची काळजी वाटते.

घराची कुळकथा थोडक्यात सांगते. १७५८ साली नॅथॅनिएल कर्झनकडे वडिलांकडून इस्टेट आली. तिथे त्याच्या आजोबांच्या पिढीतलं चांगलं विटांचं घर होतं. त्याने ते पाडायला काढलं. पहिला आराखडा मॅथ्यू ब्रेटिंगहॅमचा, मग जेम्स पेन आला आणि लवकरच सगळं काम रॉबर्ट अ‍ॅडमच्या हाती गेलं. अ‍ॅडम तेव्हा जेमतेम तिशीचा, रोमहून नुकताच परतलेला. आधी त्याला बागेतल्या छोट्या इमारतींचं काम मिळालं होतं. उत्तरेची दर्शनी बाजू मुख्यतः पेनची : मधला उंच भाग, सहा खांबांचा पोर्टिको, दोन्हीकडे कमानदार वळणाच्या ओवऱ्या आणि त्यांच्या टोकांना एकेक पंख. दक्षिणेची बाजू अ‍ॅडमची. रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीचा साचा त्याने घराच्या पाठीवर चढवला आणि वर ठेंगणा घुमट घेतला. एकाच घराला अशा दोन मुद्रा आहेत. बरेच जाणकार उत्तरेच्या बाजूला भारदस्त म्हणतात. मला दक्षिण आवडते, कारण तिथे भिंत पुढे येते, मागे जाते, पायऱ्या वळतात, आणि ऊन फिरेल तशी सावलीची रेघ बदलत राहते.

अ‍ॅडमची खरी करामत मात्र आत आहे आणि ती नकाशावर कळत नाही, तिथे उभं राहावं लागतं. मार्बल हॉलच्या भिंतींना खिडक्या नाहीत. उजेड येतो तो फक्त छतातल्या झरोक्यांतून. त्यामुळे पोर्टिकोतून आत आलेल्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नाही, ना हिरवळ, ना तळं. रोमन घरातल्या चौकाची कल्पना त्यामागे आहे. मग समोरचं दार ओलांडून सलूनमध्ये पाऊल टाकलं की चौकोन संपतो आणि माणूस एकदम वर्तुळात येतो. ६२ फूट उंच घुमट, त्याच्या मध्यावर काचेचा डोळा. हे रोमच्या पँथिऑनवरून घेतलेलं आहे. लोक दारातच थबकतात, मान वर करतात आणि आवाज खाली आणतात. मी हे रोज बघते आणि अजून कंटाळलेले नाही. लांबट आणि खांबांनी भरलेल्या खोलीनंतर गोल आणि मोकळी खोली ठेवायची, हा निर्णय कागदावर दोन आकृत्यांचा आहे. माणसाच्या शरीरावर त्याचा परिणाम काय होतो ते मला इथे उभं राहूनच कळलं.

सलूनच्या कोनाड्यांत रोमन वेदीसारख्या दिसणाऱ्या वस्तू आहेत. त्या ओतीव लोखंडाच्या शेगड्या आहेत. एवढ्या उंच खोलीत शेकोटीचं धुराडं दाखवायचं तर घुमटाचं वर्तुळ मोडणार, म्हणून ऊब अशी लपवली. माझ्या मते या शेगड्या घरातल्या कुठल्याही चित्राइतक्या बघण्यासारख्या आहेत, आणि बहुतेक लोक त्यांच्या शेजारून निघून जातात.

हे घर राहण्यासाठी नव्हतंच, असं म्हटलं तरी चालेल. कुटुंब पूर्वेच्या पंखात राहायचं. पश्चिमेच्या पंखात स्वयंपाकघर होतं आणि तिथून वळणाच्या ओवरीतून ताटं मुख्य घरात यायची. मधला भाग पाहुण्यांसाठी, चित्रांसाठी, दाखवण्यासाठी. एका बाजूला संगीताची खोली, दिवाणखाना आणि ग्रंथालय, दुसऱ्या बाजूला जेवणाचं दालन आणि शाही शयनकक्ष. त्या शयनकक्षातल्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडांसारखे कोरलेले आहेत, बुंध्याशी मुळांसकट. घर बांधून होतंय तोवरच लोक बघायला यायला लागले होते, आणि १७६९ साली इथल्या चित्रांची नि पुतळ्यांची छापील यादीसुद्धा निघाली होती. १७७७मध्ये कोशकार डॉ. जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार बॉसवेल येऊन गेले. त्या काळी घर दाखवायचं काम हाउसकीपरचं असे. मिसेस गार्नेट नावाच्या हाउसकीपरचं तैलचित्र अजून इथे आहे, हातात ती छापील यादी घेतलेलं. अशा घरांमध्ये मालकांच्या तसबिरींनी भिंती भरलेल्या असतात. घर दाखवणाऱ्या बाईची तसबीर जपून ठेवलेली क्वचित आढळते. आम्ही खोल्यांवर उभे राहणारे सगळे तिच्या वंशातले, असं मी मानते.

तक्रारी येतात त्या अंधाराच्या. "एवढे पैसे भरून आलो आणि पडदे बंद?" हे ऐकावं लागतं आणि त्यात काही चूक नाही, म्हणून मी उत्तर नीट देते. शाही खोल्यांमध्ये निळं रेशमी दमास्क आहे. प्रकाशाने रेशमाचा रंग उडतो, मग धागा ठिसूळ होतो, आणि गेलेला रंग परत आणता येत नाही. कापडावर साधारण ५० लक्सच्या वर उजेड पडू द्यायचा नाही असा दंडक आहे. उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या खिडकीत हा आकडा हजारांत जातो. गारठ्याचंही तसंच. अशा घरातलं तापमान माणसांसाठी ठरवलेलं नसतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहावी, बुरशी आणि कीड वाढू नये, एवढ्यापुरतीच उष्णता देतात. थंडीच्या दिवसांत मी आतून दोन थर घालून जाते आणि मार्बल हॉलच्या फरशीवर तरीही पाय गार पडतात.

साफसफाई वरून खाली होते. बांबूच्या परांचीऐवजी अ‍ॅल्युमिनियमची, चाकांवरची परांची लावतात. छताच्या पट्टीवरची धूळ मऊ केसांच्या ब्रशने हलकेच पुढे ढकलायची आणि कमी ओढीच्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी न्यायची. व्हॅक्यूम वस्तूला लावायचा नाही, धूळ त्याच्यापर्यंत पोहोचवायची. प्लास्टरच्या पुतळ्याच्या वस्त्राच्या चुण्यांमध्ये ब्रश फिरवताना ओतकामाची साच्याची रेघ बोटभर दिसते. खालून ती कुणालाच दिसत नाही. ब्रश उलटा धरला आणि त्याच्या पत्र्याची कड लागली तर चुणीची धार गेलीच. म्हणून पत्र्यावर कापडी पट्टी गुंडाळून मगच कामाला लागायचं, आणि अंगठी, घड्याळ, ओळखपत्राची दोरी सगळं काढून ठेवायचं. मी मंगळसूत्र ब्लाउजच्या आत पिन करते.

केडलस्टन ग्रेड वन आहे. इंग्लंडमधल्या संरक्षित वास्तूंपैकी जेमतेम अडीच टक्के या वरच्या दर्जात येतात. संरक्षण फक्त दर्शनी भागाला असतं असा समज आपल्याकडे आहे आणि इथेही अनेकांचा आहे. प्रत्यक्षात आतलं छत, दारं, कड्या, शेगड्या सगळं त्यात येतं. वास्तूचं स्वरूप बदलेल असं काहीही करायचं तर आधी लेखी संमती घ्यावी लागते, आणि संमतीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. पुण्यात माझ्या टेबलावरून किती वाड्यांचे मोजणी-नकाशे गेले, त्यांतले कितीतरी नकाशे पाडापाडीच्या अर्जाला जोडण्यासाठीच काढलेले होते. इंग्लंडही या बाबतीत फार शहाणं नव्हतं. विसाव्या शतकात इथली शेकडो मोठी घरं कर, युद्धं आणि नोकरचाकरांची टंचाई यांच्यापायी पाडली गेली. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गेलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा लोकांना त्या नुकसानीचा आकार कळला.

वास्तू वाचली, पण तिच्या भोवतालाचं काय? हा प्रश्न केडलस्टनच्या बाबतीत थेट कोर्टात गेला. डर्बीच्या कडेला अ‍ॅलेस्ट्री भागात शेकडो नवी घरं बांधायचा प्रस्ताव होता. ती जमीन हॉलमधून दिसत नाही. मध्ये शहर झाकायलाच लावलेली झाडांची रांग आहे. विरोधकांचं म्हणणं असं की ही जमीन इस्टेटीच्याच शेतीची होती, डर्बीहून हॉलकडे येणारा माणूस शहर मागे टाकून या शेतांमधूनच यायचा, तेव्हा दिसत नसली तरी ती या वास्तूच्या परिसरातच मोडते. हायकोर्टाने २०१७मध्ये त्यांचं ऐकलं. अपील न्यायालयाने २०१८मध्ये तो निकाल फिरवला : इतिहासाचा संबंध विचारात घेता येतो, पण वास्तूच्या परिसराला बाधा येते म्हणायचं तर दोहोंमध्ये दिसण्याचं काही नातं लागतं. घरांची गरज मला समजते, डर्बीत भाड्याने राहून आम्हीही ती भोगली आहे. तरी मला हायकोर्टाचं म्हणणं जास्त पटतं. अ‍ॅडमने मार्बल हॉलला खिडक्या ठेवल्या नाहीत त्या माणूस बाहेरून काहीतरी बघून आत येणार हे धरूनच. ते बघणं रस्त्यावर सुरू होतं.

त्याच रस्त्याच्या नि त्याच हिरवळीच्या पोटात एक गावही आहे. नॅथॅनिएल कर्झनला पार्क मोकळा हवा होता, म्हणून केडलस्टन गाव उठवून दुसरीकडे वसवलं आणि रस्ताही वळवला. जुनं ऑल सेंट्स चर्च तेवढं घराला खेटून राहिलं. कुणी पार्कच्या देखणेपणाचं कौतुक केलं की मी गावाचं सांगते. कौतुक खोटं आहे असं मला सुचवायचं नसतं, पण ते गाव माहितीतून गळून जाऊ नये.

त्या चर्चमध्ये लॉर्ड कर्झनचं थडगं आहे. तोच तो, १८९९ ते १९०५ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, बंगालची फाळणी करणारा, ज्याच्याविरुद्ध टिळकांनी केसरीतून रान उठवलं. शाळेत हे नाव आम्ही चीड घेऊनच शिकलो. त्याचा जन्म याच घराण्यात, केडलस्टनला, १८५९ साली. हॉलच्या तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, आणि १९०३च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिशी जरदोजीचा झगाही. त्या झग्यापाशी आपल्याकडचे लोक बराच वेळ थांबतात. जरी दिल्लीच्या कारागिरांची आहे, मोराच्या डोळ्यांतली हिरवी चमक भुंग्यांच्या पंखांची.

त्या खोलीत उभी असताना माझ्या मनात जो तिढा होतो तो सुटलेला नाही. १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा कर्झनच्याच कारकिर्दीत आला, आणि पुरातत्त्व खात्याला त्याने नव्याने उभं केलं. कार्ले, घारापुरी, कान्हेरी यांच्या दारात जी संरक्षित स्मारकाची पाटी असते तिची मुळं त्या कायद्यात आहेत. १९५८चा आपला कायदा त्यावरच उभा राहिला. इंग्लंडात परतल्यावर १९११मध्ये त्याने टॅटरशॉल किल्ला विकत घेऊन वाचवला, आणि १९१३चा इथला स्मारकांचा कायदा होण्यात त्याचा मोठा हात होता. म्हणजे स्मारक जपण्याचं काम त्याने हिंदुस्थानात आधी केलं आणि मग मायदेशी. त्या १९१३च्या कायद्यातून वसतीची घरं वगळलेली होती, त्यामुळे केडलस्टनला त्याचं छत्र मिळालं नाही. माणूस मला मुळीच आवडत नाही. कायद्याचं मोल मात्र, लेण्यांवर जीव असलेल्या कुणाला नाकारता येणार नाही. पाहुण्यांना मी दोन्ही सांगते, सलग, एकाने दुसरं पुसून न टाकता.

एकदा एक वृद्ध बंगाली गृहस्थ मुलीसोबत आले होते. माहितीपत्रकातला नकाशा त्यांनी उलटासुलटा फिरवला आणि मला म्हणाले, "दीदी, हे तर आमचं राजभवन आहे." बरोबरच होतं त्यांचं. इटालियन वास्तुकार पॅलॅडिओच्या एका आराखड्यावरून केडलस्टनला मुळात चार पंख योजले होते. दोन उत्तरेचे झाले. दक्षिणेचे दोन कधीच बांधले गेले नाहीत. १७९९मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने कोलकात्यात गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे पुढचं राजभवन, बांधायला काढलं तेव्हा वास्तुकार चार्ल्स वायटने हाच आराखडा घेतला, आणि तिथे चारही पंख उभे राहिले. या वायटचा काका सॅम्युएल वायट केडलस्टनच्या बांधकामावर देखरेखीला होता. कोलकात्याची इमारत विटांची, वर चुन्याचा गिलावा. उकाड्यात चारही पंखांना मोकळा वारा मिळतो. स्वयंपाकघर मात्र तिथे घराच्या बाहेर दूर गेलं, ज्याला इथे अख्खा पंख दिला होता. कर्झन व्हाइसरॉय होऊन त्या घरात राहायला गेला, म्हणजे वडिलांच्या घरात जे अपुरं राहिलं होतं ते पुरं झालेलं त्याने हुगळीकाठी पाहिलं, हिंदुस्थानच्या पैशाने बांधलेलं.

त्या गृहस्थांशी बोलणं झाल्यापासून मी दोन्ही नकाशे एका मापात काढायला घेतले आहेत, छापील जुन्या आराखड्यांवरून. शेजारी शेजारी ठेवले की बघणाऱ्याला माझ्या भाषणाची गरज पडणार नाही. केडलस्टनचा कागद पुरा झाला आहे, न बांधलेले दोन पंख तुटक रेषेने दाखवून. कोलकात्याच्या कागदावर ओवऱ्यांची वळणं झाली आहेत आणि पंखांच्या भिंती चढवणं चालू आहे.